बर्दियातलं एक बेपत्ता प्रकरण: मृत्यूचा दाखला न घेतलेल्या कुटुंबाची वाटचाल

हे प्रकरण नेपाळच्या बर्दिया जिल्ह्यातल्या एका थारू, म्हणजे तराईतल्या मूळनिवासी समाजातल्या, कुटुंबाचं आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून नावं, गाव, नेमके दिवस आणि काही घरगुती तपशील वगळले किंवा बदलले आहेत. कायदे, न्यायालयाचे निकाल आणि सरकारी निर्णय मात्र जसे झाले तसेच दिले आहेत. राजकीय संघर्ष संपल्यावर पीडितांना काय मिळालं याचा हिशेब बहुधा देशाच्या पातळीवर मांडतात: इतके आयोग, इतक्या तक्रारी, इतकी मदत. एका घरातून पाहिलं तर वेगळंच दिसतं. कुठला कागद आधी केला, त्यावर काय लिहिलं आणि कोणाची सही घेतली, यावर या कुटुंबाचं बरंच काही ठरत गेलं.

पार्श्वभूमी

नेपाळमध्ये माओवाद्यांचा सशस्त्र संघर्ष १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सुरू झाला आणि २१ नोव्हेंबर २००६ च्या सर्वंकष शांतता करारानं संपला. या काळात सुमारे १७,००० माणसं मारली गेली. १,३०० हून अधिक माणसांचा ठावठिकाणा आजही लागलेला नाही. सुरुवातीची काही वर्षं लढाई पोलीस विरुद्ध माओवादी अशी होती. नोव्हेंबर २००१ मध्ये माओवाद्यांनी दांगमधल्या लष्करी तळावर हल्ला केला, तीन दिवसांत आणीबाणी लागली आणि लष्कर रस्त्यावर उतरलं. दहशतवादविरोधी वटहुकमाखाली कोणालाही ९० दिवस प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवता येऊ लागलं. कागदावर ही स्थानबद्धता होती. प्रत्यक्षात कित्येकांच्या अटकेची नोंदच झाली नाही.

बर्दियात याला जमिनीची किनार होती. तराईतला, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यातला, हिवताप आटोक्यात आल्यावर डोंगराळ भागातून लोक खाली उतरले, जमिनी त्यांच्या नावावर चढल्या आणि पिढ्यानपिढ्या तिथं राहणारे थारू आपल्याच शेतात कुळं किंवा कमैया, म्हणजे कर्जापोटी राबणारे वेठबिगार झाले. कमैया पद्धत १७ जुलै २००० रोजी रद्द झाली, पण जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. कुळहक्क मागणारा थारू माओवादीच असणार, असं समजणं त्या काळात सोपं झालं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं डिसेंबर २००८ मध्ये बर्दियावर स्वतंत्र अहवाल काढला. या एका जिल्ह्यातून २०० हून अधिक माणसं बेपत्ता झाल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. सुरक्षा दलांनी नेलेल्या १५६ आणि माओवाद्यांनी नेलेल्या १४ जणांची प्रकरणं त्यांनी तपशिलात तपासली. सुरक्षा दलांनी नेलेल्यांमध्ये ८५ टक्क्यांहून अधिक थारू होते. जिल्ह्याच्या लोकसंख्येत मात्र थारू निम्म्याच्या आसपास.

आपल्या प्रकरणातला माणूस तेव्हा तिशीच्या आत होता. वडील वारलेले, त्यामुळे बारा कट्ठे (कट्ठा हे तिथलं जमिनीचं माप) जमीन थोरला म्हणून त्याच्या नावावर. शिवाय शेजारची थोडी जमीन तो कुळ म्हणून कसत होता आणि त्या कुळहक्कासाठी गावातल्या इतरांबरोबर अर्ज करत होता. घरात आई, बायको, दोन मुलं आणि सतरा वर्षांचा धाकटा भाऊ. २००२ च्या पावसाळ्यात एका रात्री गणवेशातले सैनिक आले आणि ‘विचारपूस करून सोडतो’ म्हणून त्याला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सासू आणि सून दोघी बराकीच्या फाटकावर गेल्या. पहारेकऱ्यानं त्यांच्याकडची कपड्यांची पिशवी आत घेतली. आठवडाभरानं त्या पुन्हा गेल्या तेव्हा त्यानं नवीन पिशवी घेतली आणि आधीचा मळका सदरा परत दिला. नेलं त्या रात्री त्याच्या अंगावर होता तोच सदरा. तिसऱ्या खेपेला फाटकावर दुसरा पहारेकरी होता. ‘या नावाचा माणूस इथं कधी आणलेलाच नाही,’ असं त्यानं सांगितलं. त्यानंतर कुटुंबाला सरकारकडून मिळालेलं प्रत्येक उत्तर याच वाक्याचं कमीअधिक लांबीचं रूप होतं.

अडचण नेमकी कुठे आली

शांतता करारात दोन्ही बाजूंनी लिहून दिलं होतं, की मारले गेलेल्यांची आणि बेपत्ता केलेल्यांची नावं, आडनावं आणि पत्ते ६० दिवसांत जाहीर करू. ते ६० दिवस आले आणि गेले. १ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बेपत्ता व्यक्तींच्या ८३ याचिकांवर एकत्रित निकाल दिला: बेपत्ता करणं हा गुन्हा ठरवणारा कायदा करा, चौकशी आयोग नेमा आणि तोवर कुटुंबांना अंतरिम मदत द्या. तिन्हींपैकी सर्वांत आधी हालचाल झाली ती मदतीची.

इथंच पेच पडला. मदत देताना ‘मृत’ आणि ‘बेपत्ता’ असे दोन वर्ग केले गेले. मृताच्या कुटुंबाला १ लाख नेपाळी रुपये आणि बेपत्ताच्या कुटुंबाला सुरुवातीला २५,०००. ज्या घराला आपला माणूस कुठे आहे हेही ठाऊक नाही, त्या घरासाठी रक्कम चौथ्या हिश्श्याची. जिल्हा प्रशासन कार्यालयातल्या कारकुनानं सुनेला आपुलकीनंच सुचवलं, की पाच-सहा वर्षं झाली, आता मृत लिहा, तुमचंच भलं आहे. गाव विकास समितीकडून शिफारसपत्र आणायचं, मृत्यूची नोंद करायची, की झालं.

त्या एका नोंदीवर पैशाखेरीज आणखी बरंच अवलंबून होतं. मृत्यूच्या नोंदीशिवाय मालपोत कार्यालय, म्हणजे जमीन महसूल कार्यालय, जमीन वारसांच्या नावावर करेना. लालपुर्जा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा दाखला, नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे जमिनीवर कर्ज नाही, वाटणी नाही. मुलगी सोळा वर्षांची झाली की नागरिकत्वाचा दाखला काढायचा, तिथंही बाप हजर नाहीतर बापाचा मृत्युदाखला मागणार. सून कुंकू लावायची, बांगड्या घालायची. गावातल्या काही बायका त्यावरून बोलायच्या, काही कुंकू पुसू नकोस म्हणून धीर द्यायच्या. क्रियाकर्म करायचं तर मृत्यू मानावा लागतो. तो मानायला सासू तयार नव्हती.

धाकट्या दिराला परदेशी कामाला जायचं होतं आणि दलालाला द्यायला पैसे हवे होते. तो वाईट माणूस नव्हता. भावाला नेलं तेव्हा तोही त्याच घरात होता आणि नंतरची दोन वर्षं रात्री जंगलाच्या कडेला झोपून त्यानं काढली होती. तो म्हणाला, “वहिनी, दादाला कागदावर जिवंत ठेवून आपण सगळे अडकलोय. तुम्ही सही करा, मी तिकडून पैसे पाठवतो.” तिचं उत्तर घरातल्या सगळ्यांना पाठ झालेलं होतं: “भावजी, तुमच्या दादाला ज्यांनी नेलं त्यांनी लिहून द्यावं की तो मेला. मी कशी लिहून देऊ?”

हा हट्ट भावनेचा वाटतो, पण कायद्याच्या दृष्टीनंही तो बरोबर होता. माणूस शेवटचा सरकारच्या ताब्यात दिसला असेल, तर त्याचं काय झालं हे सांगायची जबाबदारी सरकारची. त्याचं काय झालं हे कळेपर्यंत बेपत्ता करण्याचा गुन्हा चालूच राहतो, असं आंतरराष्ट्रीय कायदा मानतो. कुटुंबानं स्वतःहून मृत्यू नोंदवला, की सरकारी बाजूला ‘चकमकीत मेला असेल’ असं म्हणायची वाट मोकळी होते.

समोरचे मार्ग

कुटुंबाला गुलरियातल्या एका वकिलानं आणि जिल्ह्यातल्या पीडित कुटुंबांच्या समितीनं मदत केली. त्यांच्या बैठकांत चार-पाच मार्गांवर बोलणं झालं.

पहिला मार्ग वर सांगितलाच: मृत्यू नोंदवा, पूर्ण मदत घ्या, जमीन सोडवा, पुढे चला. या मार्गाला नाकं मुरडणारे बहुतेक जण काठमांडूत पगारावर होते, हे सांगायला हवं. बर्दियात कित्येक कुटुंबांनी तो घेतला आणि त्यांच्याकडे त्याची पुरेशी कारणं होती.

दुसरा मार्ग पोलिसांत जाहेरी दरखास्त, म्हणजे फिर्याद देण्याचा. यात एक विचित्र कोडं होतं. त्या काळी नेपाळच्या कायद्यात बेपत्ता करणं हा वेगळा गुन्हाच नव्हता. तो २०१८ मध्ये नव्या फौजदारी संहितेनं आणला आणि तोही मागील घटनांना लागू नाही. त्यामुळे फिर्याद द्यायची तर खुनाची द्यावी लागणार, आणि खून म्हटलं की माणूस मेला हे फिर्यादीनंच म्हणायचं. मदतीच्या अर्जात तो बेपत्ता, फिर्यादीत मृत: विरोधी वकील या दोन कागदांवर बोट ठेवणार हे उघड होतं.

तिसरा मार्ग थांबण्याचा. सत्य आयोग येणार, सगळं तिथं निघेल. राजकीय पक्षांचे स्थानिक लोक हाच सल्ला देत होते आणि तो देण्यात त्यांचा फायदा होता, कारण थांबलेला माणूस कोणाचं नाव घेत नाही.

चौथा मार्ग जिनिव्हाचा. नेपाळनं १९९१ मध्येच नागरी व राजकीय हक्कांच्या कराराबरोबर त्याचा वैकल्पिक शिष्टाचार, म्हणजे तक्रारीची सोय देणारा जोडकरारही मान्य केला होता. त्यामुळे देशातले उपाय संपले किंवा निरुपयोगी ठरले, तर व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे थेट तक्रार करता येते. ऑक्टोबर २००८ मध्ये एका बेपत्ता माणसाच्या पत्नीच्या तक्रारीवर समितीनं नेपाळला दोषी धरलं आणि पत्नीनं भोगलेली अनिश्चितता हीदेखील अमानुष वागणूक आहे, असं नोंदवलं. कुटुंबाला या मार्गाची भीती वाटली. बराक तिथंच होती, जमीनमालकाचं घर तिथंच होतं आणि आपलं नाव परदेशात छापलं गेलं तर काय होईल याचा अंदाज कोणालाच नव्हता. त्यांनी तो मार्ग बाजूला ठेवला.

काय केलं

पहिला निर्णय मदतीचा. सुनेनं ‘बेपत्ता’ या वर्गातच अर्ज केला आणि २५,००० घेतले. अर्जासोबत वकिलानं हातानं लिहिलेलं एक पान जोडलं: ही रक्कम घेतल्यानं तपास, खटला आणि पूर्ण भरपाई यांपैकी कुठलाही हक्क आम्ही सोडलेला नाही. कार्यालयानं ते पान घ्यायला आधी नकार दिला. वकिलानं ते आवक नोंदवहीत चढवून घेतलं आणि शिक्का मारलेली प्रत सुनेच्या पेटीत गेली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातलं हे सर्वांत हुशारीचं पान आहे. पुढे दबावामुळे बेपत्तांच्या कुटुंबांची रक्कम मृतांइतकी करण्यात आली, नंतर हप्त्याहप्त्यानं ती एकूण १० लाखांपर्यंत गेली, आणि प्रत्येक हप्ता घेताना त्या पानाचा क्रमांक अर्जात लिहिला गेला. वर्ग न बदलल्यानं या कुटुंबाचं पैशाचं नुकसान अखेरीस झालं नाही. पण २००८ मध्ये हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्या वेळी ७५,००० रुपये सोडून देणं म्हणजे मुलांची काही वर्षांची शाळा सोडून देणं होतं, आणि मुलगी खरोखरच एक वर्ष घरी बसली.

पैसे कोणाच्या हाती द्यायचे यावरूनही घरात फाटलं. सासूला वाटे मुलगा माझा, सुनेला वाटे संसार माझा. पीडित कुटुंबांच्या समितीतल्या एका वयस्क बाईनं दोघींना बसवून निम्मं-निम्मं करून दिलं. कायद्यानं पत्नीचा हक्क आधी येतो, पण त्या घरात सासूची सही नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुसरा निर्णय साक्षीदाराचा. शेजारच्या गावातला एक माणूस त्याच बराकीत काही आठवडे होता आणि नंतर सुटला होता. त्याच्या डोळ्यांवर पट्टी असे. पण त्यानं या बेपत्ता माणसाला आवाजावरून ओळखलं होतं, कारण दोघांनी एकत्र मजुरी केली होती. एका रात्री चौघांची नावं पुकारून त्यांना बाहेर नेलं, ते परत आले नाहीत, असं तो सांगे. अनेक वर्षं तो हे फक्त घरी बसून सांगे. २००९ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या पथकासमोर त्यानं पहिल्यांदा लेखी जबाब दिला. त्याच वेळी सुनेचाही जबाब झाला आणि पिशवी, सदरा, दोन पहारेकरी हे सगळं प्रथमच कागदावर आलं.

तिसरा निर्णय फिर्यादीचा, २०१० मध्ये. वकिलानं ते कोडं असं सोडवलं: फिर्यादीत ‘खून झाला’ असं विधान केलंच नाही. अमुक रात्री सैनिकांनी नेलं, अमुक ठिकाणी साक्षीदारानं पाहिलं, फाटकावर कपडे घेतले गेले, त्यानंतर माणूस परतला नाही. बेकायदा स्थानबद्धता, यातना आणि खून या सर्व शक्यतांचा तपास करावा. पोलिसांनी फिर्याद घेतली नाही. जिल्ह्याच्या प्रमुखाकडे दाद मागितली, तिथंही नकार. मग नेपाळगंजच्या पुनरावेदन (अपील) न्यायालयात परमादेशाची, म्हणजे पोलिसांना त्यांचं काम करायचा आदेश द्यावा अशी, याचिका केली. न्यायालयानं नोंद करून तपास करण्याचा आदेश दिला, फिर्याद नोंदली गेली आणि तिथंच थांबली. वकिलाच्या स्मरणपत्रांना पोलिसांचं एकच उत्तर येई, की हा विषय होऊ घातलेल्या आयोगाच्या अखत्यारीतला आहे.

आयोगाचा कायदा २०१४ मध्ये आला. त्यात गंभीर गुन्ह्यांनाही माफीची शिफारस करायची वाट ठेवलेली होती. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती वाट बंद केली आणि पीडितांच्या संमतीशिवाय मेळमिलाप (समेट) नाही, असंही सांगितलं. सरकारनं फेरविचाराचा अर्ज केला, तो २०२० मध्ये फेटाळला गेला. दरम्यान सत्य निरूपण व मेळमिलाप आयोग आणि बेपत्ता व्यक्तींचा छानबीन आयोग, असे दोन आयोग बसले होते. २०१६ मध्ये त्यांनी तक्रारी मागवल्या. पहिल्याकडे ६३,००० हून अधिक आल्या, दुसऱ्याकडे तीन हजारांच्या वर. या कुटुंबाची तक्रार दुसऱ्यात. तक्रारीला मानवाधिकार आयोगापुढचे जबाब, फिर्यादीची प्रत, न्यायालयाचा आदेश आणि ते शिक्का मारलेलं पान, असे चार कागद जोडलेले होते. शेजारच्या बहुतेक तक्रारींना जोडायला काही नव्हतं.

जमिनीचा प्रश्न वेगळ्या दारानं सुटला. नेपाळच्या जुन्या कायद्यात १२ वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस मृत गृहीत धरता येई. २०१४ मध्ये ती मुदत भरली. वकिलानं शिफारसपत्राचा मजकूर स्वतः लिहून नेला: ‘सुरक्षा दलांनी नेल्यापासून १२ वर्षं बेपत्ता, केवळ वारसनोंदीच्या प्रयोजनासाठी.’ कुटुंबानं कुठंही मृत्यूची तारीख दिली नाही, कारण दिलं नाही. मालपोत कार्यालयात या मजकुरावर बरीच हुज्जत झाली, पण नामसारी, म्हणजे नावबदल, होऊन जमीन सुनेच्या आणि मुलांच्या नावावर आली. दिरानं तोवर सावकाराकडून कर्ज काढून परदेशाची वाट धरली होती.

निष्पत्ती

सासू २०१३ मध्ये वारली. मुलाचं काय झालं हे तिला कळलं नाही. सून जिल्ह्यातल्या समितीत काम करते, अर्ज लिहिते, नवख्या बायकांना कार्यालयात घेऊन जाते. मुलं मोठी झाली. पैसे मिळाले, जमीन मिळाली, मुलीचा नागरिकत्वाचा दाखला आईच्या कागदांवर बऱ्याच खेपांनंतर निघाला. माणूस कुठे आहे, कोणी नेला, कोणाच्या हुकमानं, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर सरकारनं दिलेलं नाही.

खटला उभा राहणं अशक्य होतं असं म्हणता येत नाही. काभ्रे जिल्ह्यात २००४ मध्ये लष्करानं नेलेल्या १५ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात आधी लष्करी न्यायालयानं तीन अधिकाऱ्यांना कार्यपद्धतीतल्या त्रुटींसाठी फक्त सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. तिच्या आईनं नागरी न्यायालयाची वाट सोडली नाही. २००७ मध्ये लष्करी प्रशिक्षण केंद्राच्या आवारातून अवशेष काढले गेले, डीएनए तपासणीनं ओळख पटली आणि एप्रिल २०१७ मध्ये काभ्रे जिल्हा न्यायालयानं तिघांना त्यांच्या गैरहजेरीत खुनासाठी जन्मठेप सुनावली. आई, पत्रकार, वकील आणि लष्कराचेच चौकशीचे कागद एकत्र आले म्हणून ते झालं. बर्दियात चौकशीचा एकही कागद बाहेर आलेला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली. बेपत्ता करणं आता गंभीर उल्लंघनांत मोडतं, त्याला माफी नाही, विशेष न्यायालयाची तरतूद आहे. त्याच कायद्यात शिक्षा मोठ्या प्रमाणात कमी करून मागण्याचीही तरतूद आहे आणि त्यावर पीडितांच्या संघटना दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मे २०२५ मध्ये नवे आयुक्त नेमले गेले तेव्हा निवडप्रक्रियेत आम्हाला विश्वासात घेतलं नाही, म्हणून अनेक पीडितांनी निषेध केला. सून निषेधात सामील झाली आणि आपली फाइलही मागे घेतली नाही. दोन्ही एकाच वेळी करण्यात तिला काही विसंगत वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

साक्षीदाराबद्दल सर्वांत जास्त बोलायला हवं. २००९ चा त्याचा जबाब चांगला आहे, पण तो मानवाधिकार आयोगाच्या पथकासमोरचा आहे. फौजदारी खटल्यात त्याला पुन्हा उभं राहावं लागेल. तो २०१२ पासून आखातात कामाला आहे, दोन-तीन वर्षांतून एकदा येतो. फिर्याद नोंदली गेली तेव्हाच न्यायालयापुढे त्याचा जबाब प्रमाणित करून घेण्याची मागणी रेटायला हवी होती. त्या वेळी सगळं लक्ष ‘फिर्याद नोंदवून घ्या’ या एका मागणीवर होतं, आणि नोंद झाल्याचा आनंद इतका मोठा होता, की पुढची पायरी राहून गेली. साक्षीदाराला संरक्षण देणारी यंत्रणा नव्हती, हेही खरं. म्हणूनच त्याचं बोलणं तो बोलायला तयार असताना बांधून ठेवणं जास्त गरजेचं होतं.

सदऱ्याचं काय झालं? सासूनं तो धुऊन, घडी घालून ठेवला होता. कुठल्याही आईनं तेच केलं असतं. फाटकावर कपडे स्वीकारले गेले हा तोंडी पुरावा टिकला, वस्तूचा पुरावा बराचसा गेला. २००२ मध्ये बराकीसमोर उभ्या असलेल्या बाईला हे कोणी सांगणार नव्हतं. पण संघर्ष चालू असतानाच गावोगाव फिरणाऱ्या मानवाधिकार कार्यकर्त्यांना ते सांगता आलं असतं: वस्तू धुऊ नका, कागदाच्या पिशवीत ठेवा, फाटकावर गेलात ती तारीख आणि कोण भेटलं ते लिहून ठेवा, लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घ्या.

सासूचा रक्ताचा नमुनाही घेतला गेला नाही. आईचा नमुना ओळख पटवायला फार उपयोगी पडतो. धनुषा जिल्ह्यातल्या गोदारमध्ये २०१० मध्ये उत्खनन झालं आणि तिथले अवशेष नातेवाइकांच्या नमुन्यांशी जुळवून पाहिले गेले, ही बातमी बर्दियापर्यंत आली होती. सरकारी व्यवस्था नव्हती हे मान्य, पण पीडितांच्या समितीनं वृद्ध आईवडिलांची यादी करून आधी त्यांचे नमुने घ्या, अशी मागणी त्याच वर्षी लावून धरायला हवी होती. आता मुलांचे आणि दिराचे नमुने चालतील, पण अवशेष सापडले तर जुळणी अवघड होईल.

जिनिव्हाला न जाण्याबद्दल माझं मत कुटुंबापेक्षा वेगळं आहे. २०१० मध्ये भीती रास्त होती. न्यायालयाचा आदेश येऊनही तपास होत नाही, हे दोन वर्षांनी स्पष्ट झालं होतं आणि देशातले उपाय निरुपयोगी असल्याचा याहून ठोस पुरावा मिळणार नव्हता. तेव्हा तक्रार करायला हवी होती. समितीचा निर्णय नेपाळमध्ये कोणाला तुरुंगात पाठवत नाही आणि सरकारनं असे अनेक निर्णय फडताळात टाकले आहेत. तरीही एका अधिकृत संस्थेनं ‘या माणसाला सरकारनं नेलं’ हे वस्तुस्थिती म्हणून लिहून दिलं असतं, आणि सुनेला अगदी तेवढंच हवं होतं. समितीकडे नाव जाहीर न करण्याची विनंतीही करता येते. ही माहिती त्या वेळी कुटुंबापर्यंत पोचली नव्हती. आता उशीर झाला आहे: देशातले उपाय संपून पाच वर्षांहून अधिक काळ लोटला तर विलंबाचं कारण पटवून द्यावं लागतं.

दिराशी झालेला वादही टाळता आला असता. वारसनोंद आणि मृत्यूची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली दुसरीशिवाय होऊ शकते, हे वकिलाला २०१४ च्या सुमारास सुचलं. १२ वर्षांची मुदत आधी भरणार नव्हती हे खरं, पण ‘अमुक सालापर्यंत थांबा, मग हा मार्ग आहे’ एवढं २००८ मध्ये सांगितलं असतं, तर दिराला सावकाराच्या दारात जाताना वहिनीचा हट्ट दोषी वाटला नसता. दोघांत सहा-सात वर्षं बोलणं नव्हतं.

आणखी एक गोष्ट चांगली झाली, ती लवकर व्हायला हवी होती. त्याच पंचक्रोशीत एका घरातल्या बापाला माओवाद्यांनी नेलं होतं. ही दोन्ही कुटुंबं अनेक वर्षं एकमेकांना टाळत. एकाच्या लेखी दुसरा ‘दहशतवाद्याचा’, दुसऱ्याच्या लेखी पहिला ‘खबऱ्याचा’. २०१६ मध्ये तक्रार नोंदवायला दोन्ही घरच्या बायका एकाच रांगेत, एकाच कारकुनापुढे उभ्या राहिल्या. दोघींना तेच प्रश्न विचारले गेले आणि दोघींकडे तोच कागद नव्हता: जन्मदाखला. मग त्या एकत्र गावी परतल्या आणि पुढचे अर्ज एकत्र केले. दोन्ही बाजूंच्या पीडितांची एकच मागणी पुढे येते तेव्हा पक्षांना ‘तुमच्या लोकांनीही मारलं’ म्हणून ती उडवून लावता येत नाही. बर्दियातल्या समितीचं वजन वाढलं ते या एकत्र येण्यानंतर.

सध्या बेपत्ता व्यक्तींच्या आयोगाकडे या फाइलमध्ये तीन मागण्या प्रलंबित आहेत. घटनेच्या महिन्यातली त्या बराकीची कर्तव्यवाटपाची नोंदवही आणि फाटकावरची आवक-जावक वही लष्करी मुख्यालयाकडून मागवावी. आखातात असलेल्या साक्षीदाराचा जबाब दूरदृश्य माध्यमातून प्रमाणित करून घ्यावा. मुलांचे आणि दिराचे डीएनए नमुने घेऊन जपावेत. तिन्हींना कायद्यात आधार आहे आणि तिन्हींसाठी लागणारा खर्च किरकोळ आहे. पहिली मागणी सर्वांत कळीची, कारण पिशवी घेणारा आणि ‘इथं कोणी आणलंच नाही’ म्हणणारा, या दोघांची नावं त्या वह्यांत असतील. वह्या नष्ट झाल्या असं उत्तर आलं, तर कोणी आणि कोणत्या आदेशानं नष्ट केल्या हा पुढचा अर्ज वकिलानं आधीच लिहून ठेवला आहे.